मंद संगणक : कारण आणि उपाय

दुःखाला कारण असते आणि कारण दूर झाल्यास दुःखाचा निरोध होतो, ही तथागतांची शिकवण आपण जाणतो. मंदावलेल्या संगणकाकडेही याच दृष्टीने पाहावे.

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्यास 'टास्क मॅनेजर' उघडतो. प्रोसेसर, मेमरी व डिस्क यांपैकी कशावर भार आहे, ते तेथे दिसते. त्यातील 'स्टार्टअप' विभागात, आपोआप सुरू होणारे अनावश्यक प्रोग्रॅम बंद करावेत. अँटिव्हायरस मात्र चालू ठेवावा. मेमरी 4 जीबी असल्यास सेटिंग्जमधून अ‍ॅनिमेशन बंद करावे. 'स्टोरेज'मधून तात्पुरत्या फाइल्स पुसताना 'डाउनलोड्स'वर खूण नसल्याची खात्री करावी. शिष्यवृत्तीची कागदपत्रे बहुधा तेथेच असतात. नागपूरच्या उन्हाळ्यात तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. म्हणून संगणक बंद करून पंख्यावरील धूळ काढावी. एवढे करूनही डिस्कचा भार सतत 100 टक्के राहिला, तर जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवावी.

माजी विद्यार्थ्यांनी जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी हे अवश्य करून पाहावे. वसतिगृहातील एखाद्या मुलाचा तो पहिला संगणक ठरू शकेल.