गेम अटकतो, पैसा कुठं लावायचा?

धामणगाव रेल्वे असो, चांदूर असो की पुलगाव, घरच्या कॉम्प्युटरवर व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ खेळणाऱ्या पोरांची तक्रार एकच असते: लॅग होते. त्यावर बहुतेक ठिकाणी मिळणारा सल्लाही एकच, ग्राफिक्स कार्ड बदला. आईवडील पंधरा-वीस हजार मोजतात, कार्ड बसतं, आणि पुष्कळदा गेम पहिल्यासारखाच अडखळतो, कारण दोष कार्डात नव्हताच. म्हणून या लेखात कार्ड मुद्दाम शेवटाकडे ठेवलं आहे. भाव ढोबळ आहेत. दुकानागणिक आणि आठवड्यागणिक ते हलतील, पण कुठल्या कामाला शेकडे लागतात आणि कुठल्या कामाला हजार, एवढं त्यावरून नक्की कळेल.

पहिलं काम मोजणीचं, आणि ते फुकट आहे. व्हॅलोरंटच्या सेटिंग्जमध्ये व्हिडिओ, त्यात स्टॅट्स उघडा आणि क्लायंट एफपीएस (सेकंदाला किती चित्रं), नेटवर्क आरटीटी (सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन लागणारे मिलिसेकंद) व पॅकेट लॉस (वाटेत हरवलेला डेटा) हे तीन आकडे पडद्यावर आणा. काउंटर-स्ट्राइकमध्ये हेच आकडे टेलिमेट्रीच्या सेटिंगमध्ये सापडतात. मग नेहमीसारखं खेळा आणि अडखळलं त्या क्षणी कुठला आकडा हलला ते बघा. एफपीएस १२० वर स्थिर आणि आरटीटी ४० वरून २०० वर उडाला, तर दोष नेटचा. सुरुवातीला १४० असलेला एफपीएस अर्ध्या तासात ६० वर आला, तर दोष उष्णतेचा. पहिल्या मिनिटापासून ४० च असेल तर सेटिंग किंवा हार्डवेअर. आणि खेळता खेळता अख्खा कॉम्प्युटर बंद पडत असेल तर आधी वीज आणि एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतला वीजपुरवठा, यांकडे बघायचं.

सोबत कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्सच्या पानावर ग्राफिक्स कार्ड किती टक्के राबतंय ते वाचा. सगळ्यात मोठा खर्च वाचवणारी तपासणी हीच. कार्ड ९५ टक्क्यांच्या वर असेल तरच ते कमी पडतंय. ते ५० टक्क्यांवर निवांत असेल आणि तरी एफपीएस कमी असेल, तर प्रोसेसर किंवा मेमरी त्याला काम पुरवू शकत नाही. तिथं नवं कार्ड लावून काडीचा फरक पडणार नाही. हे दोन्ही गेम, विशेषतः कमी सेटिंगवर, प्रोसेसरवर जास्त भार टाकतात. व्हॅलोरंट बनवणाऱ्या रायट गेम्सच्याच यादीत ६० एफपीएससाठी कोअर आय३-४१५० आणि जीटी ७३० एवढं जुनं सामान पुरेसं धरलं आहे, तर १४४ च्या वर जायला आय५-९४००एफ आणि जीटीएक्स १०५० टीआय. काउंटर-स्ट्राइक २ जड आहे. त्याला किमान ८ जीबी रॅम आणि ८५ जीबी जागा लागते. जुन्या काउंटर-स्ट्राइकवर मस्त चालणारी मशीन सप्टेंबर २०२३ मध्ये नवा गेम आल्यावर धापा टाकू लागली, ती बिघडली म्हणून नव्हे.

आता दमडी न लागणाऱ्या दुरुस्त्या. मॉनिटरची केबल कार्डात लावली आहे की मदरबोर्डात, हे डब्याच्या मागे जाऊन डोळ्यांनी बघा. साफसफाईनंतर ती चुकीच्या जागी लागते आणि महागडं कार्ड रिकामं बसून राहतं. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन विंडोजमध्ये तो ६० वरच ठेवलेला असतो. डिस्प्लेच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये तो बदलावा लागतो. रॅम ३२०० ची असूनही २१३३ किंवा २४०० वर धावत असेल तर बायोसमधलं एक्सएमपी चालू करा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच खेळा. गेमच सारखा बंद पडत असेल तर फॉरमॅट मारण्याआधी स्टीममधून फायली तपासून घ्या, किंवा रायटच्या क्लायंटमधली दुरुस्ती चालवा.

विंडोज ११ वर व्हॅलोरंट उघडतच नाही आणि व्हॅन ९००१ किंवा ९००३ असा एरर येतो, ही तक्रार वेगळी आहे. गेमची व्हॅनगार्ड ही फसवेगिरी पकडणारी यंत्रणा तिथं टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागते. टीपीएमसाठी नवा भाग घ्यायची गरज सहसा नसते. इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच्या आणि एएमडी रायझनच्या बहुतेक बोर्डांवर तो आतच असतो, बायोसमध्ये पीटीटी किंवा एफटीपीएम या नावानं. सिक्युअर बूटला मात्र डिस्क जीपीटी पद्धतीची लागते. इथंच फॉरमॅट मारावा लागेल, डेटा जाईल असं सांगितलं जातं. मायक्रोसॉफ्टचं एमबीआर२जीपीटी हे साधन विंडोजमध्येच आहे आणि ते डेटा न पुसता डिस्क बदलतं. तरीही महत्त्वाच्या फायली आधी पेनड्राइव्हवर घ्या. हे काम दुकानातून करून घेतलं तर तीनशे ते पाचशे रुपये वाजवी. रायझनच्या मशीनवर एफटीपीएम चालू केल्यावर मधूनच क्षणभर झटका बसत असेल तर बायोस अपडेट करा. असा दोष असल्याचं एएमडीनं २०२२ मध्ये स्वतः मान्य केलं होतं आणि त्याच वर्षी दुरुस्त बायोस दिलं.

आपल्या भागात सगळ्यात जास्त लक्ष द्यायची गोष्ट म्हणजे उष्णता. खोलीचं तापमान जितकं चढतं, साधारण तितकंच प्रोसेसरचंही चढतं. डिसेंबरमध्ये ७५ अंशांवर चालणारी चिप मे महिन्यात खोली ४० अंशांवर गेली की ९० च्या वर जाते, आणि ९५-१०० च्या आसपास ती स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. पोराला वाटतं गेमच्या नव्या अपडेटनं घोळ केला. एचडब्ल्यूइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर तापमान दाखवतं. ते दुपारी आणि पहाटे, दोन्ही वेळा बघा. पहाटे गेम नीट चालत असेल तर उत्तर मिळालंच.

त्यात धूळ. जिनिंगच्या हंगामात गावात हवेतून उडणारे कापसाचे बारीक तंतू हीटसिंकच्या पात्यांमध्ये जाऊन बसतात आणि तिथं वाळलेल्या धुळीशी त्यांचा नमदा होतो. पंखा फिरत असतो, हवा मात्र जात नाही. दिवाळीनंतर एकदा आणि मार्च संपता संपता एकदा डबा उघडून साफ करायलाच हवा. दुकानात सफाई आणि थर्मल पेस्ट मिळून तीनशे ते सहाशे रुपये घेतात. घरी केलं तर ब्रश आणि तीन-चारशेची पेस्टची नळी पुरते. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, नाहीतर पंखा वेड्यासारखा फिरून बेअरिंग खराब होतं. डब्याला मागचा पंखाच नसेल तर चारशे ते सातशेचा एक पंखा लावा. कुलरसमोर कॉम्प्युटर ठेवणं मात्र टाळा. कुलरची हवा दमट असते, पाणी बोअरचं असेल तर तुषारांबरोबर क्षारही येतात, आणि ते मदरबोर्डवर बसले की गंज धरतो. कुलरची हवा खोलीत खेळू द्या, थेट डब्यावर नको.

आणखी एक फुकटचा उपाय: गेममधला एफपीएस मॉनिटरच्या हर्ट्झच्या थोडा वरच रोखा. ६० किंवा ७५ हर्ट्झच्या पडद्यावर २२० एफपीएस काढून डोळ्यांना फारसं काही मिळत नाही, डबा मात्र तापतो. वीजही वाचते. २५० वॅट खेचणारी मशीन रोज तीन तास चालली तर महिन्याला साडेबावीस युनिट होतात. तुमच्या बिलावरचा शेवटच्या टप्प्याचा दर त्याला लावून बघा, कारण हे युनिट सगळ्यात वरच्या टप्प्यात पडतात.

लाईट जाते-येते आणि व्होल्टेज खालीवर होतं, तिथं साधा एसएमपीएस हा घरातला सगळ्यात धोक्याचा भाग आहे. डब्यासोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर लिहिलेले ४५० वॅट खरे असतीलच असं नाही. भर लढाईत मशीन बंद पडत असेल तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ ची नोंद दिसेल. तिचा अर्थ मशीन नीट बंद न होता बंद पडली, एवढाच. उष्णता तपासून झाली असेल आणि लाईटही गेली नसेल, तर संशय एसएमपीएसवर. चांगल्या कंपनीचा ८० प्लस ब्राँझ एसएमपीएस तीन ते साडेचार हजारांत येतो, ६०० व्हीएचा यूपीएस तीन हजारांच्या आसपास. घराचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. डब्याला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर आजच.

रॅमच्या बाबतीत वेळ वाईट आहे. एआयच्या डेटा सेंटरांनी चिपा उचलल्यामुळे २०२५ च्या शेवटी मेमरीचे भाव भडकले, आणि डिसेंबरात मायक्रॉननं घरगुती ग्राहकांसाठीचा आपला क्रुशियल ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. २०२५ च्या मध्यात दोन हजारांच्या आत मिळणारी ८ जीबीची डीडीआर४ स्टिक त्यानंतर दुपटीच्याही वर गेली. तरीही वेगळं कार्ड नसेल, प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवरच खेळत असाल आणि एकच स्टिक असेल, तर तशीच दुसरी जोडण्याइतका उपयोगी खर्च दुसरा नाही, कारण ते ग्राफिक्स रॅमच्याच वेगावर जगतं. जुनी रॅम घ्यायला मी कचरणार नाही. ती सहसा झिजत नाही. मेमटेस्ट८६ या मोफत चाचणीत एकही चूक न दिसणं, ही अट मात्र घाला. एसएसडीचे भावही चढेच आहेत. ती एफपीएस वाढवत नाही, पण गेम अजून हार्डडिस्कवर असेल तर मॅप उघडतानाचे झटके ती घालवते.

एवढं सगळं करून कार्ड ९५ टक्क्यांवरच असेल तर मग कार्ड. नवं सुरुवातीचं कार्ड पंधरा ते बावीस हजार, जुनं जीटीएक्स १६५० सहा ते आठ हजार. अमरावतीत किंवा नागपूरला सीताबर्डीवर पर्याय जास्त मिळतात, पण जुनं कार्ड बंद डब्यात घेऊन घरी येऊ नका. तिथंच मशीनला लावून अर्धा तास भारावर चालवून मागा आणि जीपीयू-झेड उघडा. जुन्या कार्डाचं बायोस बदलून वरच्या मॉडेलचं नाव दिलेलं असेल तर ते नावाआधी फेक असं दाखवतं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग थांबल्यावर दिवसरात्र राबलेली असंख्य कार्डं जुन्या बाजारात आली. त्यांतली काही अजूनही फिरत आहेत, म्हणून पंख्याचा आवाज आणि मेमरीचं तापमान बघाच.

नेटचा दोष असेल तर मोठा प्लॅन घेणं हा उपाय नाही. गेमला डेटा अगदी थोडा लागतो. ३९९ अधिक जीएसटी, म्हणजे ४७१ रुपयांचा ३० एमबीपीएसचा फायबर प्लॅन पुरेसा आहे. दोन्ही गेमचे सर्व्हर मुंबईत आहेत. इथून रेल्वेनं सुमारे सातशे किलोमीटर, आणि फायबरमधला प्रकाश ते अंतर जाऊन-येऊन सात मिलिसेकंदांत कापतो. बाकीचा वेळ वाटेवरच्या राउटरांचा. म्हणून ३०-४० चा पिंग, म्हणजे तोच आरटीटी, इथं चांगलाच म्हणायचा. वायफाय सोडून तीन-चारशे रुपयांची १५ मीटर कॅट६ केबल टाका, आणि खेळताना घरातला कुणी मोठी फाइल उतरवत नाही ना, ते बघा. तरीही रात्री आठ ते अकरा पिंग चढत असेल तर कंपनीचाच मार्ग तुंबला आहे. कंपनी बदलणार असाल तर नवीचं वर्षाचं पॅकेज घेऊ नका, महिन्याचं घ्या आणि याच वेळेत तपासा. पैसे घेऊन एफपीएस वाढवून देणाऱ्या बूस्टरांपासून दूर राहा. त्यांतले काही गेमच्या फायलींत हात घालतात, आणि व्हॅनगार्डची बंदी खात्यावरच न थांबता त्या मशीनवरही बसू शकते.

काहीही घ्या, जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर सिरियल नंबर लिहून मागा. बिलाशिवाय वॉरंटीचा दावा अडतो. दुरुस्तीत भाग बदलला तर जुना भाग परत मागा. दुकान किंवा कंपनी दाद देत नसेल तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. त्यानंतर तुमच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वस्तू बंगळुरूहून ऑनलाइन मागवली असली तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच दाद मागता येते, आणि त्यासाठी कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे.