पाणी मातीला विचारून घे

पोरा, मुंढव्याच्या जॅकवेलवरून उचललेलं पुण्याचं सांडपाणी बेबी कालव्याने आपल्या शिवारात येतं आणि ऊस काळाभोर दिसतो. पण हे पाणी वर्षानुवर्षं घेता येईल का, ते उसाला विचारू नकोस. ऊस एका हंगामाचं बोलतो. मातीला विचार, विहिरीला विचार.

पाण्याचा नमुना मे महिन्यात घे. पावसाळ्यात क्षार पातळ होतात, अहवाल गोड येतो. विद्युत वाहकता मीटरला ०.७ डेसीसायमनच्या आत असेल तर क्षारांबाबत निर्धास्त राहा; ३ च्या वर गेली तर ते पाणी रानात सोडू नकोस. या दोहोंच्या मधलं पाणी चालतं, पण रानाला निचरा असेल तरच.

खरी भीती सोडियमची. आपल्या भारी काळ्या रानात तो चिकणमातीच्या कणांना सुटं करतो, कणरचना मोडते, पाणी मुरत नाही, वाफसा येत नाही. जमीन चोपण झाली की दोन पिढ्यांची मेहनत पाण्यात जाते. म्हणून अहवालात एसएआर, म्हणजे सोडियम शोषण गुणोत्तर, मागून घे, आणि दरवर्षी त्याच जागची माती वरच्या थरातून एकदा अन् दोन फुटांखालून एकदा तपास. जिप्सम टाकायचं तर माती तपासूनच, आणि आधी चर काढून. निचराच नसेल तर जिप्समने सुटलेला सोडियम जाणार कुठे? तिथेच बसतो. चराचा खर्च लोकांना वाया गेलेला वाटतो; मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो.

या पाण्यात नत्र असतं, ते खतात धर. आठ सेंटीमीटरची एक पाळी म्हणजे एकरी सव्वातीन लाख लिटर पाणी. लिटरमागे ३० मिलिग्रॅम नत्र निघालं, तर त्या एकाच पाळीत जवळपास अर्धं पोतं युरिया रानात पडला. वरून तू पूर्ण मात्रा देतोस. मग ऊस लोळतो, उतारा घसरतो आणि उरलेलं नत्र विहिरीत उतरतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. घरात लहान मूल आहे, विसरू नकोस.

कोथिंबीर, मेथी, काकडी या पाण्यावर नको. कच्च्या खायच्या पिकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये १०० मिलिलिटरला १००० विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणूंची मर्यादा सांगितली होती, आणि लिटरमागे जंताचं अंडं एकाहून जास्त नको. कालव्यात प्रक्रिया झालेलं पाणी किती आणि न झालेलं किती, हे डोळ्यांना कळत नाही. दारं धरणाऱ्या गड्यांना गमबूट घेऊन दे, ते पैसे वाचवू नकोस. कारखान्यांचं पाणी मिसळत असेल, तर कॅडमियम आणि शिसंही तपासून घे.

कालव्याचं पाणी, दोन्ही थरांची माती आणि विहीर यांचे अहवाल एका वहीत लावत जा. या मे महिन्याचे हातात येईपर्यंत लागणीचं क्षेत्र वाढवू नकोस.