आपल्या शेजारची एन.जी.आर.आय.



नागोलहून अमीरपेठकडे मेट्रोने निघालात की उप्पल, स्टेडियम आणि त्यानंतर 'एन.जी.आर.आय.' असे स्थानक लागते. मागील महिन्यात सहावीच्या एका मुलाने आम्हाला विचारले, "सर, हे कुणाचे नाव आहे?" प्रश्न चांगला होता. वर्गात आणखी कुणाला माहीत आहे का म्हणून पाहिले, तर कुणीतरी रुग्णालय म्हणाले, कुणी बँक म्हणाले. त्या आवाराच्या भिंतीवरून आपल्यातले कितीतरी लोक रोज येतात-जातात. म्हणून या अंकात त्या संस्थेविषयीच लिहीत आहोत.

तिचे पूर्ण नाव राष्ट्रीय भूभौतिकी अनुसंधान संस्था. आमचे पदवीचे शिक्षण हिंदीतून झाले, त्यामुळे 'भूभौतिकी' हाच शब्द आमच्या तोंडी आधी येतो. मराठीत आपण भूभौतिकशास्त्र म्हणतो. पृथ्वीच्या पोटात काय आहे ते खणून न पाहता, भौतिकशास्त्राच्या नियमांनी ओळखण्याचे हे शास्त्र आहे. वैद्य नाडी पाहतो, डॉक्टर एक्स-रे काढतो, तसेच काहीसे. गुरुत्वाकर्षणातला सूक्ष्म फरक, खडकांचे चुंबकत्व, जमिनीतून जाणारा विद्युतप्रवाह, भूकंपाच्या लाटा, जमिनीखालची उष्णता, ही या शास्त्राची साधने.

संस्था १९६१ साली सी.एस.आय.आर.च्या अंतर्गत स्थापन झाली. सुरुवातीच्या वर्षांतच चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. १९७५ साली संस्थेने भारताचे गुरुत्व नकाशे प्रसिद्ध केले. त्याच सुमारास आंध्रच्या किनाऱ्यावरील कावलीपासून कर्नाटकातील उडुपीपर्यंत, म्हणजे पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत, जमिनीत ठिकठिकाणी स्फोट घडवून त्यांच्या परतणाऱ्या लाटा नोंदल्या गेल्या व भूकवचाची जाडी मोजली गेली. भारतातले अशा प्रकारचे हे पहिले काम. सोव्हिएत शास्त्रज्ञांचे त्यात सहकार्य होते.

आता आपल्या मराठी माणसांशी थेट संबंध असलेल्या कामाकडे येऊ.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगरला ६.३ रिश्टरचा भूकंप झाला. सुमारे दोनशे माणसे दगावली. दख्खनचे पठार म्हणजे घट्ट, जुना, न हलणारा प्रदेश अशी तोपर्यंत समजूत होती. परंतु १९६२ च्या सुमारास कोयना धरणात पाणी साठू लागले तेव्हापासूनच त्या भागात लहान धक्के आणि जमिनीतून गडगडाट सुरू झाला होता. हैदराबादच्या या संस्थेतील हर्ष गुप्ता, बी. के. रस्तोगी, हरी नारायण यांनी जगातल्या इतर धरणांशी कोयनेची तुलना करून पाणी आणि धक्के यांचा संबंध तपासला. १९७६ साली गुप्ता आणि रस्तोगी यांचे धरणे आणि भूकंप या विषयावरचे इंग्रजी पुस्तक निघाले.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पाण्याच्या वजनाने जमीन फाटते असे अनेकजण समजतात. तसे नाही. खडकातल्या जुन्या भेगांवर ताण आधीपासूनच असतो. साठलेले पाणी भेगांतून खाली झिरपते, आतला दाब वाढतो, आणि आवळून बसलेले दोन भाग सरकायला सोपे जातात. ताण नसेल तर धरण कितीही मोठे असो, भूकंप होत नाही. म्हणूनच देशात हजारो धरणे असूनही कोयनेसारखी उदाहरणे मोजकीच. पावसाळ्यात जलाशय भरल्यावर तेथे धक्के वाढतात हे वर्षानुवर्षांच्या नोंदींतून दिसले. १९८५ पासून जवळच्या वारणा जलाशयात पाणी साठू लागले, त्यानंतरच्या वर्षांत धक्क्यांचे क्षेत्र दक्षिणेकडेही पसरले. पुढे या भागात सुमारे दीड किलोमीटर खोलीपर्यंतची अनेक विंधनछिद्रे घेतली गेली, काहींत भूकंपमापक बसवले गेले. केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०१७ साली गोठणे येथे तीन किलोमीटर खोल छिद्र पूर्ण केले. भूकंप जेथे जन्मतो त्याच्या जवळ जाऊन ऐकायचे, हा त्यामागचा विचार.

दुसरे नाव किल्लारी. ते उच्चारताना आपल्या शाळेतील अनेक कुटुंबांना आजही कसेसेच होते. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, त्यामुळे लातूर-उस्मानाबादकडे नातेवाईक नाहीत असे मराठी घर या शहरात शोधावे लागेल. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती विसर्जन करून माणसे गाढ झोपलेली. सुमारे दहा हजार लोक गेले. भूकंप सहा रिश्टरच्या थोडा वर, म्हणजे जगाच्या मानाने मध्यमच. पण त्याचे मूळ जमिनीखाली फार खोल नव्हते, आणि घरे होती माळवदाची. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचे जड छत. उन्हाळ्यात हीच घरे थंड राहतात म्हणून आपल्या आजोबांनी ती बांधली. माणसे जमीन हलल्याने मेली नाहीत, भिंतींखाली मेली.

आधीच्या वर्षी, १९९२ मध्ये, त्या गावांत लहान धक्के बसले होते. मग शास्त्रज्ञांनी सांगितले का नाही, असा प्रश्न पालक विचारतात, आणि त्यात राग असतो. उत्तर सरळ द्यायला हवे: अमुक दिवशी अमुक ठिकाणी भूकंप होईल हे आजही जगात कोणी सांगू शकत नाही. बहुतेक लहान धक्के लहानच राहून विरून जातात. भूकंपानंतर एन.जी.आर.आय.ने किल्लारीत ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. ३३८ मीटरपर्यंत काळा बेसाल्ट लागला, त्याखाली गाळाचा पातळ थर आणि मग अतिप्राचीन पाषाण. बेसाल्टच्या चादरीखाली झाकलेल्या भेगा वरून दिसत नाहीत, हे त्यातून उमगले. २००२ च्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात सर्वांत सुरक्षित समजला जाणारा पहिला विभागच काढून टाकण्यात आला आणि लातूरचा भाग तिसऱ्या विभागात गेला.

आठवी ते दहावीच्या मुलांनी एक गणित करावे. भूकंपाची पहिली लाट खडकातून सेकंदाला साधारण ६ कि.मी. जाते, दुसरी साधारण ३.५ कि.मी. किल्लारी हैदराबादपासून सरळ रेषेत सुमारे २२० कि.मी. म्हणजे पहिली लाट येथे ३७ सेकंदांत पोहोचेल, दुसरी ६३ सेकंदांत. अंतर २६ सेकंद. आता उलट करा: यंत्रावर दोन लाटांत २६ सेकंदांचे अंतर दिसले, तर त्याला ८.४ ने गुणा, भूकंप किती दूर झाला ते कळेल. कोणत्या दिशेला ते मात्र एका केंद्रावरून असे कळत नाही. तीन केंद्रांची वर्तुळे नकाशावर कंपासने काढा. ती जेथे एकमेकांना छेदतील ते भूकंपाचे ठिकाण.

आता थोडे विश्वस्त मंडळासाठी, आणि थोडी आमची कबुली. तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात शाळेची बोअर आटली तेव्हा एका पाणाड्याला बोलावले गेले. त्याने तळहातावर नारळ उभा केला, नारळ हलला, तेथे नवी बोअर घेतली. आम्हीही तेथे उभे होतो आणि गप्प राहिलो. आठशे फूट खाली गेल्यावर धुळीशिवाय काही निघाले नाही. पालकांनी दिलेला निधी त्यात गेला.

याच संस्थेत १९९९ साली फ्रेंच शास्त्रज्ञांच्या सहकार्याने भूजल संशोधन केंद्र सुरू झाले. शहराजवळच्या महेश्वरम भागात त्यांनी वर्षानुवर्षे विहिरी-बोअरची पातळी मोजली. आपल्या खाली ग्रॅनाइट आहे. त्यात पाणी मुख्यतः वरच्या कुजलेल्या खडकात, म्हणजे मुरमात, आणि त्याखालच्या बारीक भेगांच्या थरात राहते. हा थर सुमारे ३५-४० मीटरपर्यंत, म्हणजे सव्वाशे फुटांच्या आसपास. त्याखालचा खडक बहुतांशी अखंड असतो, तेथे एखादी मोठी भेग नशिबाने सापडली तरच पाणी. म्हणजे जितके खोल तितके पाणी, हा हिशेब आपल्या शहरात चालत नाही. जागा निवडण्यासाठी जमिनीत चार सळया रोवतात, दोहोंतून वीज सोडतात आणि उरलेल्या दोहोंमधील दाब मोजतात. कोरडा ग्रॅनाइट विजेला अडवतो, ओला मुरूम सोडतो. हे काम एका सकाळी उरकते.

यंदा मंडळापुढे नव्या बोअरचा प्रस्ताव पुन्हा आला आहे. आमचे मत असे की आधी चार सळयांची ही तपासणी करून घ्यावी, आणि जुनी बोअर बुजवू नये. गच्चीवरचे पावसाचे पाणी वाळू-खडीच्या खड्ड्यातून गाळून तिच्याजवळ मुरवावे. नववीच्या मुलांनी गच्चीचे माप घेतले आहे, ते कार्यालयात पाहायला मिळेल.