प्रत्येकाची पाळी : पाच सिलिंडरांच्या छोट्या इंजिनाचा पाठ

स्मरणिकेत आठवणी असाव्यात हे खरे. परंतु शिक्षकाजवळ माजी विद्यार्थ्यांना देण्यासारखे पाठाखेरीज दुसरे काय असणार? म्हणून आम्ही येथे एक पाठच मांडत आहोत. विषय आहे विमानाच्या प्रतिकृतीसाठी घरच्या लेथवर घडवता येणाऱ्या रेडियल इंजिनाचा.

या इंजिनात पाच सिलिंडर चाकाच्या आऱ्यांप्रमाणे मध्याभोवती, ७२-७२ अंशांवर बसवतात. पाचच का, सहा का नाहीत? चार धावांच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडरमध्ये एकदाच ठिणगी पडते. म्हणून ठिणगी एकाआड एक पुढे सरकते : १, ३, ५, २, ४. पाच मुलांना वर्तुळात उभे करून एकाआड एक टाळी वाजवायला सांगा. दोन फेऱ्यांत सर्वांची पाळी येते, ठेकाही चुकत नाही. सहावा गडी आणला की १, ३, ५ यांच्याच पाळ्या फिरत राहतात. २, ४, ६ कायमचे ताटकळतात. त्यांना मध्ये घ्यावे तर ठेका मोडतो. दोष त्या तिघांचा नसतो, मांडणीचा असतो.

पाच कनेक्टिंग रॉड एकाच पातळीत एका क्रँकपिनवर मावत नाहीत. म्हणून एक मुख्य रॉड तिच्यावर बसतो आणि उरलेले चार त्याच्या कडेला लहान पिनांनी जोडतात. झडपांसाठीही प्रत्येक सिलिंडरला वेगळा कॅम नको. दोन उंचवट्यांची कडी क्रँकशाफ्टच्या उलट दिशेने, त्याच्या चौथाई वेगाने फिरवली की पाचांचे काम भागते. खालच्या सिलिंडरांत तेल साचते. तसेच इंजिन सुरू केल्यास रॉड वाकतो. म्हणून ठिणगीची जोडणी बंद ठेवून आधी पंखा हाताने सावकाश फिरवावा. तो अडला तर जोर करू नये. खालचे प्लग काढून तेल निथळू द्यावे.

अशा छोट्या इंजिनाला इतिहासातही पान आहे. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचे सचिव सॅम्युअल लँग्ली यांच्या विमानाची चतुर्थांश आकाराची प्रतिकृती जून १९०१ मध्ये पेट्रोल इंजिनावर, माणसाविना उडाली. मोठ्या विमानाच्या इंजिनाचे काम न्यूयॉर्कचे स्टीफन बाल्झर यांनी आरंभले. पुरेशी शक्ती मिळेना, तेव्हा चार्ल्स मॅनली या तरुण अभियंत्याने ते नव्याने घडवून सुमारे ५२ अश्वशक्तीपर्यंत नेले. परंतु ७ ऑक्टोबर आणि ८ डिसेंबर १९०३ रोजी ते विमान उड्डाण घेताच पोटोमॅक नदीत कोसळले. दोन्ही वेळा चालक मॅनलीच होते. सुदैवाने ते बचावले. नऊच दिवसांनी राइट बंधू उडाले. वृत्तपत्रांनी लँग्लींची टर उडवली आणि त्या हशात, न चुकलेले इंजिन व ते घडवणारे हातही झाकले गेले.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हाला येथे दोन गोष्टी नोंदवाव्याशा वाटतात. प्रतिकृती उडाली म्हणजे विमान उडेलच असे नाही. आणि विमान पडले म्हणजे त्यातील प्रत्येकाचे काम फसले असेही नाही. काय मोडले ते तपासावे, मगच निकाल द्यावा. आमच्या वर्गातून गेलेल्या, एखाद्या परीक्षेत मागे पडलेल्या मुलामुलींविषयीही पालकांनी हाच नियम पाळावा, एवढीच आमची विनंती आहे.