दार आणि बिजागरी

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात चारठाणा नावाचे गाव आहे. जुनी दगडी देवालये आणि कोरीव खांब यांकरिता ते प्रसिद्ध आहे. पूर्वीच्या देवालयांच्या व वाड्यांच्या दारांना बहुधा बिजागऱ्या नसत. फळीच्या एका कडेला वर व खाली खुंट ठेवीत आणि ते उंबरठ्यातील व वरच्या पट्टीतील खळग्यांत बसवीत. असे दार उघडले की त्याची करकर शेजारपाजारी ऐकू जाई.

या गावातील एका घराचे दार वाळवीने खाल्ले होते. नवे दार दिवेलागणीपूर्वी लागले नसते, तर रात्री घर उघडेच राहिले असते. म्हणून म्हातारे सुतार आपल्या बारा वर्षांच्या नातवाला घेऊन सकाळीच आले.

प्रथम त्यांनी ओळंबा लावून चौकट सरळ असल्याची खात्री केली. मग दार चौकटीत उभे करून त्याखाली पाचरा सारल्या आणि चहूबाजूंनी थोडी फट राखली. पावसाळ्यात लाकूड ओल शोषून रुंदीत फुगते; फट नसेल तर आषाढात दार चौकटीत अडकून बसते.

बिजागऱ्या तीन होत्या. वरच्या बिजागरीची जागा आजोबा पुनःपुन्हा मापू लागले, तेव्हा नातवाने विचारले, "आजोबा, हिचीच एवढी काळजी का?"

"बाळा, हात लांब करून भरलेली घागर धरून पाहा. खांदा कसा ओढला जातो! दाराचे ओझे त्याच्या मध्यावर असते आणि बिजागऱ्या कडेला. त्यामुळे वरची बिजागरी चौकटीपासून ओढली जाते, खालची चौकटीवर दाबली जाते. वरची सैल झाली, की दाराचा मोकळा कोपरा उंबरठ्यावर घासू लागतो."

बिजागरीची पट्टी लाकडावर ठेवून त्यांनी चाकूने तिच्या कडा आखल्या आणि पटाशीने पट्टीच्या जाडीएवढीच खाच पाडली. रंधा मारलेल्या गुळगुळीत फळीचे लोक कौतुक करतात. या खाचेकडे मात्र कोणी पाहत नाही. वरच्या दोन्ही बिजागऱ्यांच्या खाचा आजोबांनी पाडल्या. खालची मुलाच्या वाट्याला आली.

स्क्रूच्या जाडीहून बारीक भोके गिरमिटाने पाडली, म्हणजे लाकूड तडकत नाही. स्क्रूंना साबण चोळला. प्रत्येक पट्टीत एकेकच स्क्रू पिळून दार लोटून पाहिले. ते मिटले आणि लगेच चार बोटे मागे आले. खाली फळीची कड चौकटीवर दाबली जात होती. मुलाची खाच खोल झाली होती! त्याचा चेहरा उतरला.

आजोबा रागावले नाहीत. त्यांनी जुन्या वहीचा पुठ्ठा मागविला, पट्टीच्या मापाने कापला आणि तिच्याखाली सारला. "आता लोट," ते म्हणाले.

दार आवाज न करता मिटले आणि मिटलेलेच राहिले. मग मुलाने उरलेले स्क्रू पिळले. सूर्य मावळायला अजून घटकाभर अवकाश होता.