ऑनलाइन ऊस नोंदीचा फॉर्म कोरा परत का येतो?



मोबाइलवर गट नंबर, क्षेत्र, लागण तारीख, उसाची जात असे सगळे भरून 'सादर करा' दाबावे, आणि एका चुकीपायी अख्खा फॉर्म कोरा होऊन समोर यावा, हा अनुभव पुष्कळांना असेल. दुसऱ्या खेपेला माणूस कंटाळून भरतो. आडसालीची तारीख १५ जुलै असते ती १५ ऑगस्ट पडते. तोडणीचा क्रम त्याच तारखेवरून लागत असल्याने पाळी महिनाभर मागे जाऊ शकते. म्हणून यामागची रीत आम्ही येथे देत आहोत.

बटण दाबले की माहिती सर्व्हर नावाच्या दूरच्या संगणकाकडे जाते. हा मोठा विसराळू. काट्यावरचा कारकूनसुद्धा गाडी ध्यानात ठेवतो. सर्व्हर मात्र एका निरोपाला उत्तर दिले की मागचे विसरतो. वेबची रचनाच तशी आहे. १९९५ साली एचटीएमएलच्या दुसऱ्या आवृत्तीत फॉर्मचे नियम छापले गेले, पण चुकलेला फॉर्म भरून परत देणे हे प्रोग्राम लिहिणाऱ्याकडेच राहिले.

त्याने करायचे ते असे. आलेली माहिती तपासायची आणि चूक सापडली तर तोच फॉर्म पुन्हा बनवताना प्रत्येक रकान्यात त्या नावाने आलेले उत्तर घालायचे. चुकीचे उत्तरसुद्धा, जसेच्या तसे! कोणी ४० आर क्षेत्र हेक्टरच्या रकान्यात ४० म्हणून टाकले, तर ४०च दिसावे आणि शेजारी सूचना यावी. रकाना कोरा दाखवला तर काय चुकले ते कळायचे कसे?

खरी गोम खुणेच्या चौकटीत आहे. चौकटीत खूण नसेल तर ब्राउझर तिच्याबद्दल चकार शब्द पाठवत नाही. समजा, 'ठिबक आहे' या चौकटीत आधीपासूनच खूण ठेवलेली आहे. ठिबक नसलेल्या सभासदाने ती काढली. सर्व्हरला काहीच आले नाही, म्हणून त्याने पहिलीच वेळ समजून खूण परत घातली. झाले, नसलेले ठिबक नावावर चढले! तेव्हा फॉर्म नवा आहे की परत आलेला, हे सर्व्हरने आधी पाहावे लागते.

दुसरी अडचण अवतरणचिन्हांची. रकान्यातला मजकूर प्रोग्राममध्ये अवतरणचिन्हांतच ठेवलेला असतो. कोणी शेताचे नाव "वरला मळा" असे चिन्हांसह लिहिले, की मजकूर पहिल्या चिन्हालाच संपतो आणि नाव गायब. त्या चिन्हांच्या जागी ठरलेली सांकेतिक अक्षरे घालावी लागतात. तसे न केल्यास वाईट हेतूचा माणूस तिथून आपला प्रोग्रामही घुसवू शकतो. ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

पासवर्ड तर परत छापूच नये. आणि सात-बाराचा फोटो सर्व्हरला रकान्यात परत घालताच येत नाही. ब्राउझर ती मुभा देत नाही, नाहीतर कोणीही तुमच्या फोनमधली फाइल परस्पर उचलून नेईल. तेव्हा बाकीचा फॉर्म भरलेला परत आला, तरी उताऱ्याचा फोटो जोडलेला आहे का ते पाहूनच पुन्हा सादर करावा.