‘ब्रेक निकामी झाला’ : मालट्रक चालकाच्या जीवनाचा एक अभ्यास

(तृतीय वर्ष कला)

आमचे गाव भोर तालुक्यात, पुणे-बेंगळुरू महामार्गाला लागून आहे. रात्री अंथरुणावर पडले की ट्रकची घरघर ऐकू येते आणि तिच्याच नादात झोप लागते. लहानपणापासून असे हजारो ट्रक मी पाहिले. पण त्यांच्या केबिनमध्ये बसलेल्या माणसाचा विचार कधी मनात आला नव्हता. तो करायला लावणारा प्रसंग मी अकरावीत असताना घडला.

संध्याकाळची वेळ होती. डेअरीत दूध घालून परतणाऱ्या आमच्या गावच्या एका आजोबांना रस्ता ओलांडताना ट्रकची धडक बसली. माणसे धावली. निम्मी आजोबांकडे गेली, निम्मी ट्रककडे. मी दुसऱ्या घोळक्यात होतो. चालक दार उघडून उसात पळाला. आम्ही ट्रकवर दगड मारले, पुढची काच फोडली. त्यातला एक दगड माझा होता. आजोबा वाचले, पाय मात्र मोडला. त्यांना दवाखान्यात नेण्यासाठी गाडी मिळेपर्यंत बराच वेळ गेला. कारण आम्ही सगळे काच फोडण्यात गुंतलो होतो.

माझे मामा स्वतः पंचवीस वर्षे ट्रक चालवतात. त्या आठवड्यात ते घरी आले तेव्हा मी मोठ्या फुशारकीने हा प्रकार सांगितला. मामा जेवता जेवता थांबले. म्हणाले, “त्याच्या जागी मी असतो तर मीपण पळालो असतो. पळता आलं नसतं तर तुमच्या हातनं मेलो असतो.” थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “तू मारलास का रे दगड?” मला उत्तर देता आले नाही.

पुढे महाविद्यालयात आल्यावर अभ्यासासाठी विषय निवडण्याची वेळ आली तेव्हा मी हाच विषय घेतला. दिवाळीच्या सुट्टीत कापूरहोळ ते सारोळे या टापूतील ढाब्यांवर बसून चालकांशी बोललो. मामांबरोबर एकदा बेंगळुरूपर्यंत जाऊन आलो. जे पाहिले आणि वाचले ते प्रस्तुत लेखात मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

आमचा रस्ता

पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ आणि आता क्रमांक ४८ म्हणून ओळखला जाणारा हा रस्ता शिंदेवाडी, वेळू, वर्वे, चेलाडी, कापूरहोळ, किकवी या गावांवरून जातो आणि सारोळ्याला नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरतो. उत्तरेला कात्रजचा डोंगर, दक्षिणेला खंबाटकी. या दोन चढ-उतारांच्या मधला सपाट पट्टा म्हणजे आमचा भाग. त्यामुळे घाट उतरून आलेला चालक येथे थोडा सैल होतो, आणि तोच क्षण घातक ठरू शकतो.

वेल्हे तालुक्यातून, ज्याला आता राजगड तालुका असे नाव मिळाले आहे, महामार्ग जात नाही. पण तेथील दूध, भात, आजारी माणूस आणि महाविद्यालयात येणारा विद्यार्थी, सर्वांना नसरापूरजवळ चेलाडी फाट्यावर या वाहतुकीत मिसळावेच लागते. पश्चिमेला भोरहून महाडला उतरणारा वरंधा घाट आहे. पावसाळ्यात दरडी कोसळतात, तो जड वाहनांना बंद होतो, आणि कोकणात जाणाऱ्या चालकाला दूरचा वळसा पडतो. थोडक्यात, आम्ही सारे या रस्त्याचे शेजारी आहोत आणि त्यावरचा चालक हा आमचा रोजचा, परंतु अनोळखी पाहुणा आहे.

चालकाचा दिवस

आपण समजतो की चालकाचे काम गाडी सुरू झाल्यावर सुरू होते. मामांबरोबर गेलो तेव्हा हा समज खोटा ठरला. चाकणच्या एका कारखान्याच्या दारात आम्ही सकाळी नऊ वाजता पोहोचलो. माल भरून, ताडपत्री ओढून, रस्सी आवळून बाहेर पडलो तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते. अकरा तास मामा उन्हात थांबले, मध्ये चार वेळा गाडी पुढे-मागे केली, कागद घेऊन खिडक्यांवर फिरले. हा वेळ कोणाच्याही हिशेबात कामाचा धरला जात नाही. म्हणजे ज्या माणसाने रात्रभर डोळे उघडे ठेवायचे, तो रस्त्याला लागतानाच थकलेला असतो.

पुणे ते बेंगळुरू अंतर सुमारे साडेआठशे किलोमीटर आहे. भरलेल्या ट्रकचा वेग ताशी सरासरी ४५ किलोमीटर धरला तर निव्वळ चालवण्याचे एकोणीस तास होतात. मालकाचा फोन मात्र सातारा ओलांडण्यापूर्वीच येऊ लागतो, “कुठवर आलास?” पहाटे दोन ते पाच ही वेळ सर्वांत वाईट. चहा, तंबाखू, तोंडावर पाण्याचा हबका, उघडी खिडकी हे सगळे उपाय मी पाहिले. झोपेवर झोप हाच उपाय असतो; बाकीच्यांनी ती फक्त थोडी पुढे ढकलली जाते. मामा म्हणाले, “डोळा मिटल्याचं कळत नाही, उघडल्याचं कळतं.”

मग गाडी बाजूला घेऊन झोपावे, असे आपण म्हणू. पण कोठे? सुरक्षित वाहनतळ मोजके. ढाब्याच्या अंगणात जागा मिळाली तर बाजेवर अंग टाकता येते. पण टाकीतले डिझेल चोरीला जाण्याची धास्ती असते. “गाडी सोडून झोपलो तर डिझेल जातं, आणि गाडीतच झोपलो तर झोप जाते,” असे एका चालकाने हसत सांगितले. आंघोळ ढाब्याच्या हौदावर, जेवण मिळेल तेव्हा. कंबरदुखी, पित्त, मधुमेह या तक्रारी जवळजवळ प्रत्येकाने सांगितल्या. डोळे तपासून घेतल्याचे फार थोड्यांनी सांगितले.

आणखी एक बदल मला महत्त्वाचा वाटतो. पूर्वी प्रत्येक ट्रकवर क्लीनर असे. तो गाडी मागे घेताना आवाज देई, घाटात थांबल्यास चाकाला दगड लावी, रात्री उस्तादाशी बोलून त्याला जागे ठेवी. पाच-सात वर्षे हे केल्यावर तोच चालक होई. भाड्यात दोन माणसांचा खर्च परवडत नाही, म्हणून आता कित्येक चालक एकटेच जातात. यात एक सोबती गेला एवढेच नव्हे, तर एक शाळाच बंद पडली. घाट कसा उतरावा हे नव्या चालकाला आता शिकवायचे कोणी?

घाट उतरताना

वर्तमानपत्रात अपघाताची बातमी बहुधा तीन शब्दांत संपते : ‘ब्रेक निकामी झाला’. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री सातारा बाजूने आलेल्या एका मालट्रकने नवीन कात्रज बोगद्यापुढच्या उतारावर, नवले पुलाजवळ, सुमारे ४८ वाहनांचे नुकसान केले. तेव्हाही आधी हेच बोलले गेले. प्राथमिक तपासानंतर पोलिसांनी सांगितले की, चालकाने उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली होती. आमच्याच तालुक्यातून गेलेली ती गाडी होती, म्हणून हे कारण नीट समजून घ्यावे असे वाटले.

मी कला शाखेचा विद्यार्थी. तेव्हा हिशेबासाठी विज्ञान शाखेतील मित्राची मदत घेतली. तीन आसांच्या ट्रकचे मालासह कमाल वजन २०१८ च्या नियमाप्रमाणे साडेअठ्ठावीस टन आहे. असा ट्रक शंभर मीटर उंची उतरतो तेव्हा जी शक्ती कोठेतरी जिरवावी लागते, ती सुमारे नव्वद लिटर साधे पाणी उकळीला आणण्याइतकी असते. गाडी गिअरमध्ये असेल तर तिचा मोठा वाटा इंजिन अडवते. न्यूट्रलमध्ये तो सगळा भार ब्रेकच्या लायनरवर येतो. लायनर व ड्रम तापतात, पकड सुटू लागते, पाय कितीही दाबला तरी गाडी थांबत नाही. त्यात इंजिन बंद असेल तर ब्रेकला लागणारी हवा भरणारा कॉम्प्रेसरही बंद पडतो. प्रत्येक वेळी ब्रेक दाबला की टाकीतील हवा कमी होते. स्टिअरिंगही जड होते. म्हणजे ब्रेक आपोआप निकामी होत नाही, तो निकामी केला जातो.

मग चालक असे का करतो? केवळ बेफिकिरीने? मामांनी याचे उत्तर दिले. अनेक ठिकाणी फेरीला किती डिझेल लागावे हे आधीच ठरलेले असते. ‘ॲव्हरेज’ चांगले काढले तर वाचलेल्या डिझेलचे पैसे चालकाला मिळतात. कमी पडले तर त्याच्या पगारातून कापतात. उतारावर वाचवलेले लिटरभर डिझेल म्हणजे त्याच्या मुलाची वही-पुस्तके. दुर्दैव असे की हा हिशेबही चुकीचा आहे. अलीकडच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनांत गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की उतारावर डिझेल जाणे जवळजवळ बंदच होते. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवले तर ते डिझेल खात राहते, आणि बंद केले तर जीव धोक्यात. जुन्या उस्तादांचा नियम एका वाक्याचा होता : ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा. परतीच्या वाटेवर बोगदा येण्यापूर्वीच मामांनी गिअर खाली घेतला. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून कान किटवले. मामांनी तिकडे लक्ष दिले नाही.

कायदा आणि व्यवहार

चालकाच्या विश्रांतीचा कायदा नाही असे नाही. नोव्हेंबर २०२५ पर्यंत अंमलात असलेल्या मोटार वाहतूक कामगार अधिनियम, १९६१ प्रमाणे दिवसाला आठ तास व आठवड्याला ४८ तास काम घ्यायचे होते. लांब पल्ल्याच्या मार्गांवर ते दहा व ५४ तासांपर्यंत नेता येत असे. सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती हवी होती. हा अधिनियम पाच किंवा अधिक कामगारांच्या व्यवसायाला लागू होता, तरी मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ९१ ने हेच तास मालवाहू वाहन चालवणाऱ्या प्रत्येकाला लावले होते. या हिशेबाने बेंगळुरूची फेरी दोन दिवसांची होते. मालाबरोबर जाणाऱ्या ई-वे बिलाची मुदत तर दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी आहे. म्हणजे कागद पाच दिवस द्यायला तयार असतो, पण व्यापाऱ्याला माल दुसऱ्या दिवशी हवा असतो. घाई सरकारची नाही, आपली आहे.

आमच्या मावळ भागातून पूर्वी अनेक माणसे मुंबईच्या बाजारात हमालीसाठी गेली. त्यांच्यासाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. मंडळे स्थापन झाली, मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, दवाखाना यांची सोय झाली. ट्रकमध्ये पोते चढवणाऱ्याच्या वाट्याला जे संघटनेने आणले, ते ट्रक नेणाऱ्या एकट्या माणसाला अजून मिळालेले नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या व मध्यम ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. हे स्वागतार्ह आहे. पण रस्त्यावर धावणारे जुने ट्रक तसेच तापत राहणार.

आपला वाटा

दोष केवळ चालकाचा, मालकाचा की आपलाही? आमच्या भागात उसाच्या व गवताच्या ट्रॉल्या मागच्या दिव्याशिवाय महामार्गावर येतात. वळसा वाचवण्यासाठी मोटारसायकली उलट्या दिशेने धावतात. गाडी बंद पडली की मागे दगड व झाडाच्या फांद्या ठेवतात आणि गाडी दुरुस्त झाल्यावर ते दगड तेथेच राहतात. रात्री येणाऱ्याला ते दिसावेत कसे?

अपघातानंतरचे आपले वर्तन तर याहून विचार करण्यासारखे आहे. जखमीला उपचार मिळवून देणे हे मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३४ ने चालकाचे कर्तव्य ठरवले आहे. पण त्याच कलमात, जमावाच्या क्षोभामुळे ते शक्य नसेल तर, असा अपवादही लिहिलेला आहे. कायदा करणाऱ्यांनाही आमची ओळख होती म्हणायची! जानेवारी २०२४ मध्ये, पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा ठरवणाऱ्या नव्या तरतुदीविरुद्ध चालकांनी देशभर गाड्या उभ्या केल्या. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता अंमलात आली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवण्यात आले. पळणे योग्य, असे मला म्हणायचे नाही. पण त्याने थांबावे असे वाटत असेल तर थांबणे त्याला शक्य व्हावे, ही जबाबदारी रस्त्याकडेच्या माणसांची आहे.

मदत करणाऱ्याने पोलिसांच्या चौकशीला भिण्याचेही आता कारण नाही. २०१९ च्या दुरुस्तीने त्याला कायद्याचे संरक्षण आहे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका येते. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचा उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची योजनाही आहे. आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकाने ट्रॉल्यांना लाल परावर्तक पट्ट्या लावण्याचे आणि फाट्याफाट्यावर प्रथमोपचार शिकवण्याचे काम हाती घ्यावे, अशी माझी सूचना आहे. त्यास फारसा खर्च येणार नाही.

लेख लिहायला घेण्यापूर्वी मी त्या आजोबांना भेटलो. ते आता काठी घेऊन चालतात. मी त्या संध्याकाळचा विषय काढला. आजोबा म्हणाले, “चूक माझीच होती रं. मी बघितलंच नाही. त्या बिचाऱ्यानं ब्रेक दाबला, चाकं किंचाळली. म्हणून पायावर निभावलं.” त्या रात्री रस्त्यावर टायरचे लांब काळे पट्टे उठले होते. ते मीही पाहिले होते. पण माझ्या हातात तेव्हा दगड होता.

मामांच्या प्रश्नाचे उत्तर मी या दिवाळीत दिले. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे फेरीवर निघताना मात्र मला हाक मारून म्हणाले, “चल, चाकांची हवा बघायला शिकवतो.”